मुलांना तुझ्यापासून कोण सांभाळणार, हे आधी विचार

प्रश्न : बाई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, वय २४. डी.एड. झालंय, दोन वर्षं एका मराठी शाळेत मानधनावर शिकवते. बाहेरच्या देशात जाऊन मुलांसाठी काहीतरी करावं, असं लहानपणापासून मनात आहे. मोबाईलवर एका संस्थेची जाहिरात दिसली. केनियात किसुमूजवळ त्यांचं बालगृह आणि शाळा आहे. स्वयंसेवक म्हणून तीन महिने तिथं राहायचं, शिकवायचं, खेळ घ्यायचे. ८५ हजार रुपये भरायचे, विमानाचं तिकीट वेगळं. अनुभवाची, कागदपत्रांची काही अट नाही, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, असं ते म्हणतात. माझे बाबा निवृत्त सुभेदार. ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आई रात्रीची उठून बसते, ‘तिकडं कोण हाय गे आपलं?’ म्हणते. नातेवाईक रोज बातम्या पाठवतात : बॉम्बस्फोट, मलेरिया, मोर्चे. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. पण घरात कबूल केलं तर जाणंच बंद होईल. ही भीती घालवू कशी? आणि मी जावं का?

उत्तर : तुला अगं-तुगं करते, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुली आता तुझ्याच वयाच्या असतील.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला तुझी आई दिसली, अंधारात उठून बसलेली. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. तू स्वतःच्या जिवाबद्दल लिहिलंयस, घरच्यांच्या काळजीबद्दल लिहिलंयस, पण त्या बालगृहातल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एक ओळ नाही. तुला दोष देत नाही. २४ व्या वर्षी मीही असंच पत्र लिहिलं असतं. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

संस्थेनं तुला काय काय विचारलं, ते आठव. पोलिसांचा दाखला मागितला नाही. तुझ्या मुख्याध्यापकांना फोन करून ‘ही मुलगी कशी आहे’ असं विचारलं नाही. तुझ्याशी अर्धा तास बसून बोलावंसंही त्यांना वाटलं नाही. पैसे कधी भरणार, एवढंच विचारलं. म्हणजे उद्या तुझ्या जागी कोणी वाईट हेतूचा माणूस ८५ हजार घेऊन उभा राहिला, तर त्या मुलांच्या खोलीचं दार त्यालाही तितकंच उघडं आहे. आपल्या गावच्या अंगणवाडीत कोणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला, ‘मी तीन महिने पोरांबरोबर राहतो,’ तर सेविका त्याला उंबऱ्याबाहेरच उभा करील. तू कुणाचा, कुठला, कशाला आलास, हे विचारल्याशिवाय आत घेणार नाही. किसुमूची मुलंही कुणाची तरी मुलंच आहेत.

तुला वाटेल, बाई माझ्या भीतीचं उत्तर देण्याऐवजी दुसरीकडेच गेल्या. तसं नाही गं. परदेशातल्या अनोळखी गावात तुला कोण सांभाळणार, हा तुझा प्रश्न आहे ना? जी संस्था परक्या माणसापासून मुलांना जपते, तीच त्या परक्या माणसालाही जपते, कारण दोन्हीला सवय एकच लागते. विचारायची, लिहून ठेवायची, कोण कुठं आहे ते रोज रात्री बघायची. जिथं मुलांची मोजदाद नाही, तिथं तुझीही नसणार. आजारी पडलीस तर दवाखान्यात कोण नेणार, हे तिथं कुणी ठरवलेलं नसणार.

आणि डिसेंबर. तू स्वतः शिक्षिका आहेस म्हणून हे तुला पटकन कळेल. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत संपतं. नोव्हेंबर-डिसेंबर ही त्यांची मोठी सुट्टी, आपल्याकडच्या एप्रिल-मेसारखी. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू कुठल्या वर्गात शिकवणार? मुलं जर खरोखर शाळेत जात असतील, तर तेव्हा वर्ग रिकामे असतील. मुलं जर सुट्टीतही तिथंच असतील, तर ती घरी का गेली नाहीत? हा एक प्रश्न विचार आणि काय उत्तर येतं ते बघ. डिसेंबरात येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलं थांबवून ठेवलेली नसोत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण अशा ठिकाणी मी जाऊन आलेय, म्हणून विश्वास बसत नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिका काठमांडूजवळच्या एका बालगृहात आठ दिवस राहायला गेलो. सीमेवर नाकेबंदी होती, गॅस मिळत नव्हता, अंगणात लाकडं पेटवून भात शिजायचा. आम्ही वह्या, रंग, गोष्टींची पुस्तकं नेली होती. पोचल्यावर पहिल्याच मिनिटाला सात-आठ वर्षांची एक मुलगी येऊन मला बिलगली. नाव विचारलं नाही, काही नाही. माझ्या पदराचं टोक तिनं मुठीत धरलं आणि जेवेपर्यंत सोडलं नाही. मला भरून आलं. किती माया आहे या लेकरांत, असं मी त्या रात्री फोनवर घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला हिंदीत विचारलं, “आप कब जाओगे?” पाहुणी परत कधी येणार, असं मुलं विचारतात. ही विचारत होती, कधी जाणार.

तिच्या पायात चप्पल नव्हती. मी बाजारातून निळ्या पट्ट्यांची चप्पल आणून घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा अनवाणी. मी विचारलं तर खाली बघून गप्प बसली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या बाईंनी चुलीजवळ बसल्या बसल्या हळूच सांगितलं, चपला कपाटात ठेवल्यात, दुसरा गट येणार आहे ना. अनवाणी लेकराकडं बघून पाकीट उघडतं, हे तिथं कुणाला तरी चांगलं ठाऊक होतं. मग त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या मुलीचा बाप जिवंत होता. डोंगरातल्या गावात शेती करत होता. शहरात चांगली शाळा मिळेल, असं सांगून एक माणूस मुलीला घेऊन आला होता, आणि बापानं त्यासाठी वर पैसेही मोजले होते.

आम्ही चौघी निघताना प्रत्येकी पाच हजार रुपये त्या बालगृहाला देऊन आलो होतो. त्या पैशानं आणखी एखाद्या बापाच्या दारात तो माणूस गेला असेल का, हा विचार मला अजून रात्री जागं ठेवतो. आणि त्या मुलीची माया म्हणजे मला जे वाटलं होतं ते वेगळंच काही होतं, हे मला पुढं वाचून कळलं. दर पंधरवड्याला नवी माणसं येतात, मांडीवर घेतात, रडतात, फोटो काढतात आणि निघून जातात, असं ज्या मुलांच्या वाट्याला येतं ती कुणालाही पहिल्या मिनिटाला बिलगायला शिकतात. आपल्या घरातलं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागं लपतं. मूल नीट वाढत असल्याची ती खूण असते.

नेपाळमधल्या अनाथाश्रमांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफ कितीतरी वर्षं सांगत आलंय. भूकंपानंतर आईवडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला नेपाळ सरकारनं बंधन घातलं होतं, ते याचसाठी. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची ने-आण हाही त्याच गुलामगिरीचा प्रकार म्हणून मानली गेली. आणि तू जिथं निघालीस त्या केनियानं स्वतः २०२२ मध्ये दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं, की संस्थांमधली मुलं हळूहळू कुटुंबांत परत न्यायची. आईवडिलांकडे, आजी-मावशीकडे, नाहीतर सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरात. म्हणजे तो देश मुलांना बालगृहातून घरी न्यायला बघतोय आणि तुझी संस्था त्याच बालगृहात राहायला तुझ्याकडून पैसे घेतेय. हे दोन्ही एकमेकांना धरून जात नाही.

म्हणून तुझ्या ‘जावं का’ला माझं उत्तर : या संस्थेबरोबर, या डिसेंबरात, नको. पैसे भरू नकोस. अनामत म्हणूनसुद्धा नको. पण केनियाला जायचंच नाही, असं मी म्हणत नाही, आणि तुझ्या इच्छेला नावं तर अजिबात ठेवत नाही. जायचं तर बालगृह सोडून दे. जिथली मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, अशी दिवसाची शाळा शोध. तिथं आधीच नेमलेले केनियन शिक्षक असावेत आणि तू त्यांच्या हाताखाली काम करावंस. त्यांच्या जागी उभी राहू नयेस. त्यांना साहित्य बनवून दे, वाचनाचे खेळ दे, गणिताला मदत कर. तू निघून आल्यावरही वर्गात ते शिक्षक असतील, आणि मुलांचं काही तुटणार नाही.

नवीन संस्था सापडली की तिला लिहून विचार. तोंडी उत्तर घेऊ नकोस, ईमेलवर घे. स्वयंसेवकानं मुलाबरोबर एकटं राहायचं की नाही? चांगल्या ठिकाणी उत्तर येतं, कधीच नाही, दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. मुलांचे फोटो काढायचे का, स्टेटसला लावायचे का? एखाद्या मुलाला कुणी त्रास देतंय असं दिसलं तर मी कुणाला सांगायचं, आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तोच माणूस प्रमुख असेल तर कुणाला? हा शेवटचा प्रश्न सोडू नकोस. याचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असतं, त्यांनी त्यावर आधी विचार केलेला असतो. केनियात मुलांसाठी ११६ ही हेल्पलाईन आहे, आपल्याकडच्या १०९८ सारखी. ती संस्थेच्या भिंतीवर लिहिलेली आहे का, हेही विचार. तिथं शाळेत मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे. तरी एखाद्या वर्गात छडी दिसली तर काय करायचं, हे जाण्याआधीच त्यांच्याशी बोलून घे, कारण ऐन वेळी तू रडशील किंवा भांडशील आणि दोन्हीनं त्या मुलाचं भलं होणार नाही.

मग तुझ्याबद्दल विचार. खोलीला आतून कडी आहे का, दुसरी किल्ली कुणाकडे असते, त्याच इमारतीत आणखी कोण राहतं, बाथरूम कुठं आहे. हे विचारायला लाजू नकोस. यापूर्वी तिथं राहून आलेल्या दोन मुलींचे फोन नंबर माग आणि त्यांच्याशी स्वतः बोल. पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला द्यायचा नाही, ‘सुरक्षित राहील’ असं कितीही गोड बोलून मागितला तरी. परतीचं तिकीट तुझ्या नावावर, तुझ्या फोनमध्ये, आणि ते बदलून लगेच निघता येईल एवढे पैसे तुझ्या स्वतःच्या खात्यात. तेवढे साठेपर्यंत थांब. थांबायला लागलं तरी काही बिघडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पोलिसांचा दाखला संस्थेनं मागितला नाही तरी तू काढ. पासपोर्टसाठी जिथं अर्ज करतो तिथंच त्याचाही करता येतो. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशाच्या परवानगीवर केनियात काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. स्वयंसेवकालाही वेगळा पास लागतो, आणि चांगली संस्था तो आपणहून काढून देते. ‘पर्यटक म्हणून या, कुणी विचारत नाही,’ असं म्हणणारे तुला पहिल्याच दिवशी बेकायदा ठरवतात. मग काही वाईट घडलं तर तू पोलिसांत जायलाही घाबरशील. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घे. ती ठरावीक केंद्रांतच मिळते, तेव्हा आधी चौकशी कर. लशीचा दाखला आयुष्यभर चालतो, आणि तो जवळ नसेल तर परत येताना आपल्याच देशात सहा दिवस वेगळं ठेवतात. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे, त्या पट्ट्यात मलेरिया बारमाही. गोळ्या कुठल्या, त्या कधी सुरू करायच्या आणि परतल्यावर किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचार, आणि मच्छरदाणीशिवाय एकही रात्र झोपू नकोस. सरोवराचं पाणी कितीही छान दिसलं तरी त्यात पाय घालायचे नाहीत, त्यातल्या गोगलगायींमुळं जंताचा एक रोग होतो, तो कातडीतून आत शिरतो. आणि परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर गावच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, मी आफ्रिकेत होते, मलेरियासाठी रक्त बघा. हे विसरलं की माणसं दगावतात.

आता नातेवाइकांनी पाठवलेल्या बातम्या. त्या खोट्या नाहीत. नैरोबीतल्या मॉलवर २०१३ मध्ये आणि गारिसाच्या विद्यापीठावर २०१५ मध्ये अतिरेक्यांचे भीषण हल्ले झाले. पण नकाशा काढून आईसमोर ठेव. गारिसा पूर्वेला, सोमालियाच्या बाजूला. किसुमू पश्चिमेला, युगांडाच्या बाजूला. मधे सबंध नैरोबी आणि तिच्या दोन्ही अंगांचा प्रदेश आहे. धोका अजिबात नाही असं नाही, पण तुझ्या रोजच्या दिवसात तुला जास्त धोका रस्त्याचा. तिथं मोटारसायकलच्या टॅक्सीला बोडाबोडा म्हणतात. सोयीची असते, स्वस्त असते, आणि रात्री हेल्मेटशिवाय तिच्यावर बसायचं नाही म्हणजे नाही. विम्याची पॉलिसी घेतानाही दुचाकीचा अपघात त्यात धरलाय का, ते वाचून घे. बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो.

मोर्चांचं म्हणशील तर तिथं आपलं शहाणपण कामाला येतं. किसुमूत निवडणुकांच्या वेळी गडबड होते, २००७ च्या निवडणुकीनंतर तर फार वाईट झालं होतं. आणि एरवी ते सरोवरकाठचं साधं कामाधामाचं शहर असतं. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बेळगावातली माणसं वर्षभर एकमेकांच्या दुकानात जातात, लग्नात जेवतात, आणि १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, आला की आई म्हणते, आज बाहेर पडू नकोस. कुठं काही झालं की दोन्हीकडच्या बस बंद होतात, आणि महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका चालत ओलांडून पलीकडची गाडी पकडलेली माणसं प्रत्येक घरात आहेत. कुठल्या दिवशी घरी बसायचं, कुठल्या चौकातून जायचं नाही, गर्दी दिसली की बघत उभं राहायचं नाही, दोन दिवसांचं सामान घरात ठेवायचं, हे आपण लहानपणीच शिकलोय. ते तिथं विसरू नकोस. निवडणुकीच्या तारखा बघून जायचे महिने ठरव, आणि पोचल्यावर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे आपलं नाव-पत्ता नोंदवून ठेव.

आणखी एका बाबतीत तू तिथं अगदीच परकी नसशील, आणि हे लिहिताना मला आनंद होतोय. किसुमूच्या आसपासचं मूल घरात लुओ बोलतं, बाजारात स्वाहिली आणि पुस्तकात इंग्रजी. आपलं मूल घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी. फळ्यावरचा शब्द आणि घरातला शब्द वेगळा असला की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते तू रोज बघतेस. शहरात शिकलेल्या कितीतरी शिक्षकांना ते ओळखू येत नाही. शिवाय स्वाहिलीत चहाला चाय, पोळीला चपाती आणि दुकानाला डुका म्हणतात. १९०१ मध्ये रेल्वे किसुमूपर्यंत पोचली, ती बांधायला ३० हजारांहून जास्त मजूर आपल्याकडून नेले होते, मुख्यतः पंजाबातले. काही मेले, बरेच परतले, काही तिथलेच झाले. आई विचारते, ‘तिकडं कोण हाय गे आपलं?’ तर तिला हे सांग.

घरचं बोलायचं राहिलं. तू भीती लपवतेस, आणि तुझ्या घरात आत्ता तीन माणसं एकेकटी घाबरतायत. बाबा गप्प आहेत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं समजू नकोस. फौजेतला माणूस धोका बघितला की तोंडानं बोलत नाही, मनात वाटा मोजत बसतो. त्यांना ते काम उघड करायला दे. कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर बस आणि म्हण, ‘बाबा, मला भीती वाटते. मला योजना करून द्या.’ हे वाक्य बोललीस की जाणं बंद होईल, असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. जी मुलगी म्हणते, मला कशाची भीती नाही, तिला सोडायला बाप तयार होत नाही. काय झालं तर कुणाला फोन, तो लागला नाही तर दुसरा कुणाला, रस्ता बंद असेल तर कुठं थांबायचं, किती पैसे वेगळे ठेवायचे, विमानतळापर्यंतची दुसरी वाट कुठली, हे सगळं सुभेदारांच्या हातून लिहून घे. त्यांना ते तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आईला बातम्या नकोत, तिला वेळ हवी. केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं. तिकडं संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इकडं रात्रीचे नऊ. तू अंधार पडायच्या वेळी खोलीवर यायचंस आणि आईनं जेवणं आटोपून फोन हातात घ्यायचा. रोज, ठरलेल्या वेळी, दोन मिनिटं का होईना. नेटवर्क नसेल तर किती वेळ वाट बघून मग कुणाला फोन करायचा, तेही ठरवा. आणि एक शब्द ठरवा, तुमच्या तिघांतच. शेजारी कुणी ऐकत असेल, मोकळं बोलता येत नसेल, तेव्हा तू म्हणायचंस, ‘कुंदा खावासा वाटतोय.’ मग बाबांनी काही न विचारता परतीचं तिकीट बदलायचं. तो शब्द बहुतेक कधी वापरावा लागणार नाही, पण तो आहे हे माहीत असलं तर आईला झोप लागेल, आणि तुलाही.

एवढं करूनही थोडी भीती उरेल. मलाही नेपाळला जाताना होती. गोरखपूरला उतरले तेव्हा परत फिरावंसं वाटलं होतं. जिचं उत्तर विचारून, लिहून, ठरवून मिळतं ती भीती आधी संपवून टाक. उरते ती नवीन जागेची, एकटेपणाची. पहिला आठवडा ती रात्री जास्त येते. तेव्हा मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. जेवायचं, मच्छरदाणी लावायची, आणि उद्याच्या वर्गाचं एक टिपण काढायचं. मात्र एखाद्या माणसाजवळ गेल्यावर पोटात गोळा येत असेल, एखाद्या खोलीत जायला मन घेत नसेल, तर ती भीती नवीन जागेची नव्हे. तिचं ऐक, आणि कारण सापडेपर्यंत तिथून लांब राहा.

डिसेंबर मोकळा झाला, तर तुला एक काम सुचवते. केनियाऐवजी हे कर, असं म्हणून देत नाही. हे करून मग जा, म्हणून देते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने सुरू झाले की बीडकडून, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाशेजारी पाचटाच्या खोपी पडतात. आईबाप पहाटे कोयते घेऊन निघतात आणि लहानग्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई मागं राहते. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि टोळीच्या मुकादमाला विचारून, एखादी सहकारी सोबत घेऊन, आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथं जा. गोष्टी सांग, अक्षरं गिरव. आणि वर मी जे नियम लिहिले ते सगळे इथंही पाळ : एकटीनं नाही, आईबापांना विचारल्याशिवाय नाही, स्टेटसला फोटो नाही, एकट्या मुलाला खाऊ नाही.

मी हे तीन हंगाम केलं. एका सोमवारी ‘क’ची बाराखडी अर्ध्यावर ठेवून आले होते. बुधवारी गेले तर फड मोकळा, खोपी उतरवलेल्या, तीन दगडांच्या चुलीत राख. टोळी रातोरात दुसऱ्या गावी हलली होती. तिथं निरोप न घेता जाते ती टोळी, मागं राहतो आपण. त्या राखेसमोर मी जितका वेळ उभी राहिले, तितक्यात मला नेपाळची ती मुलगी पदर का सोडत नव्हती ते नीट कळलं. तू किसुमूच्या वर्गात पहिल्या दिवशीच मुलांना सांग, मी अमुक तारखेला परत जाणार. भिंतीवर कॅलेंडर लाव, रोज एक दिवस त्यांच्याच हातून खोड. पुन्हा येईन, असं खात्री असल्याशिवाय म्हणू नकोस.

त्या संस्थेला आज एवढंच लिहून विचार : डिसेंबरात शाळेला सुट्टी असते, मग मुलं कुठं असतात, आणि त्यांचे आईवडील कुठं आहेत? उत्तर आलं तर मला पाठव. आलं नाही, तरी कळव.